सातवा आकडा

१

शेरीफ कॉय रॅटलिफने स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल उलगडला, तेव्हा वर्ना हॅडिक्सने घेवड्याचं पातेलं मागच्या चुलीवर सरकवलं आणि हात पुसले. टॉवेलात पोलादाचे तीन तुकडे होते. डॅलस पेट्रीच्या रायफलीचा हा रिसीव्हर. नळी जिथे मळसूत्राने बसते आणि बोल्ट ज्याच्यात मागेपुढे सरकतो, तो मधला सांगाडा.

सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला होता. त्याच सकाळी बावीस वर्षांच्या डॅलसने डोंगराच्या धारेवरून पहिली गोळी झाडली आणि रायफल त्याच्या तोंडाशी फुटली. बोल्ट कपाळात शिरला. बाप हार्लन पन्नास पावलांवर उभा होता. त्यानेच मुलाला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, पण उपयोग झाला नाही.

"रायफल एमेटकाकांनी बांधलेली," कॉय म्हणाला. "हार्लन शपथेवर सांगतोय की काकांनी वर दुर्बिणीची बैठक बसवताना गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने हा रिसीव्हर तापवला. त्यानं पोलाद मेलं, असं त्याचं म्हणणं. गुरुवारचा आभाराचा सण संपला की येत्या सोमवारी सरकारी वकील मनुष्यवधाचा खटला भरणार."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"युद्धात चार वर्षं तुम्ही शस्त्रांच्या कारखान्यात पोलाद तपासत होतात, मावशी. या जिल्ह्यात हे वाचता येणारं दुसरं कोण आहे?"

"एमेट माझ्या बहिणीचा नवरा आहे. लोक म्हणतील, मेहुणी मेहुण्याला सोडवतेय."

कॉयने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "कुणी म्हणणार नाही. तुम्ही त्यांच्याशी नऊ वर्षं बोललेला नाहीत, हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

ते खरं होतं. वर्नाची बहीण ऑलिव्ह शेवटच्या घटका मोजत होती त्या दिवशी एमेट स्कारब्रो आपल्या दुकानात बसून कुणाच्या तरी बंदुकीचा दस्ता घासत होता. मोसम तोंडावर आला होता म्हणे. वर्नाने त्याला दफनाच्या वेळी जे सुनावलं, ते शेवटचं.

तिने चष्मा चढवला, खिडकीशी जाऊन एक तुकडा उजेडात धरला आणि भिंगातून बराच वेळ पाहिला. तुटलेली कड खडीसाखरेसारखी होती, भरड आणि चमचमती.

"हार्लन चुकतोय," ती शेवटी म्हणाली. "टॉर्च लागला तर पोलाद मऊ पडतं. मऊ झालेला रिसीव्हर ताणतो, वाकतो, बोल्ट अडकतो. असे तुकडे होत नाहीत. हे पोलाद जन्मापासून जळकं आहे."

"म्हणजे?"

"पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून या रायफली बनतात. तेव्हा भट्टीवरची माणसं लाल झालेल्या पोलादाचा रंग नुसत्या नजरेनं बघून ताव ठरवायची. लख्ख ऊन असलं की तोच रंग फिका दिसायचा, मग ती आणखी तापवायची. असं पोलाद वरून छान दिसतं, आतून काच. नेहमीच्या दिवशी टिकतंही. पण एखाद्या काडतुसाचं बूड फाटलं आणि धक्का मागे आला की संपलं. पुढे पद्धत बदलली. तेव्हापासून आठ लाखांच्या आतला क्रमांक दिसला की रिसीव्हर टाकून द्यायचा, बांधायचा नाही. एमेट हे झोपेतसुद्धा सांगेल."

"मग त्यांनी का बांधला?"

वर्नाने दुसरा तुकडा उचलला. त्यावर क्रमांक होता. तिने तो दोनदा वाचला: १४१७५१२. चौदा लाखांच्या वर. नव्या पद्धतीचा, चांगल्या पोलादाचा.

"कॉय," ती सावकाश म्हणाली, "हा क्रमांक या पोलादाचा नाही."

२

एमेटच्या दुकानाची पुढची काच फुटली होती. तिथे पुठ्ठा लावला होता आणि पुठ्ठ्यावर कोळशाने कुणीतरी 'खुनी' असं लिहिलं होतं.

"कोण?" आतून आवाज आला.

"वर्ना."

 मग बाक सरकल्याचा आवाज झाला. "नऊ वर्षांनी आलीस, तीही मी तुरुंगात निघालो तेव्हा. ये. कॉफी आहे. शिळी आहे, पण तुझ्या जिभेइतकी कडू नसेल."

"तुमची कॉफी प्यायला नाही आले, भावोजी. कॉयनं पाठवलंय."

तरी त्याने कॉफी ओतली. एक बोट कपाच्या काठावरून आत वाकवून ओतली आणि बोटाला चटका बसताच थांबला. वर्नाने ते पाहिलं, पण तेव्हा तिला ती म्हाताऱ्याची खोड वाटली. भिंतीवर धान्याच्या दुकानाचं कॅलेंडर ऑगस्टवरच थांबलं होतं. नोव्हेंबर संपत आला होता.

"टॉर्च वापरलात?"

"माझ्या दुकानात टॉर्च शेगडी पेटवायला असतो. दुर्बिणीची बैठक मी स्क्रूनं बसवतो. हार्लनला नीट माहीत आहे, त्याच्या स्वतःच्या रायफलीची मीच बसवलीय."

"मग तो खोटं का बोलतोय?"

"पोरगा गेलाय त्याचा. त्याला कुणीतरी हवंय शिव्या द्यायला." एमेटने खांदे उडवले. "मी सापडलो."

"रिसीव्हर कुठून आला?"

"गँडीच्या दुकानातल्या पिंपातला. सरकारी भंगारात घेतलेले, ग्रीसमध्ये बुडवलेले. डॅलसनं ऑगस्टमध्ये पहिला आणला तेव्हा मी म्हटलं, हा नको, सहा आकड्यांचा आहे, नदीत टाक. पोराचा चेहरा एवढासा झाला. महिनाभरानं दुसरा घेऊन आला. सात आकडे. मी म्हटलं, आता झाली रायफल."

"दुसरा. नक्की?"

"सात आकडे, वर्ना. मी मोजले."

मोजले. वाचले असं तो म्हणाला नाही. हा शब्द वर्नाला दारातून बाहेर पडल्यावर आठवला आणि ती पायरीवर थबकली. पण आधी गँडीला गाठायला हवं होतं. मधल्या महिन्यात त्याने दुसरा रिसीव्हर विकला असेल, तर क्रमांक बदलणारा हात त्याचाच.

३

लाइल गँडीचं दुकान म्हणजे खिळ्यांपासून शवपेट्यांच्या कड्यांपर्यंत सगळं. तो वर्नाला बघून नको इतका गोड हसला.

"या वर्नाताई! धार लावायची कानस हवी?"

"रिसीव्हर हवाय. पिंपातला."

त्याचं हसू आटलं. "पिंप परत पाठवलं मी. कधीच. सप्टेंबर उजाडायच्या आत."

"का?"

"एमेटनं सगळीकडे सांगत सुटायला सुरुवात केली ना, की लाइल भंगार विकतो! जो रिसीव्हर बघेल त्याला नाकं मुरडायची. मी तोंडानं सांगूनच विकत होतो, ताई, जसा आहे तसा. पारखून घ्या म्हणून. फसवलं नाही कुणाला."

"डॅलसला किती विकलेस?"

"एक."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? आठवड्यानं तो परत घेऊन आला. म्हणाला, एमेटकाका नको म्हणतात, बदलून द्या. मी म्हटलं, विकलेला माल परत नाही." गँडीने मान खाली घातली. "द्यायला हवा होता बदलून. पिंपात चांगलेही होते चार-दोन. पण त्या म्हाताऱ्याचा राग आला होता मला. दुसऱ्याच दिवशी पिंप ट्रकमध्ये चढवलं."

"आणि मग? हार्लन आला होता कधी?"

"हार्लन? नाही बा. तो माझ्याकडे पाऊल टाकत नाही, खाणीतल्या संपापासून. मी तेव्हा कंपनीच्या बाजूला होतो."

वर्ना दुकानाबाहेर येऊन गाडीत बसली, पण किल्ली फिरवली नाही. पिंप सप्टेंबरच्या आधी गेलं. डॅलसला एकच रिसीव्हर मिळाला. आणि एमेटच्या बाकावर तोच रिसीव्हर दोनदा आला. एकदा सहा आकड्यांचा, एकदा सात. चाळीस वर्षं हातात पोलाद धरलेल्या माणसाला ते ओळखू आलं नाही.

की आलं होतं?

४

दुसऱ्या दिवशी सण होता. लोक टर्की कापत होते तेव्हा वर्ना पुन्हा त्या पुठ्ठ्याच्या खिडकीशी उभी होती. आत गेल्यावर तिने क्रमांकाचा तुकडा एमेटच्या हातात ठेवला.

त्याने तो डोळ्यांसमोर नेला नाही. अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे. ओठ हलले. "सात," तो म्हणाला.

"आता वाचा."

त्याने तुकडा मुठीत मिटला.

"कॅलेंडरवर कुठला महिना आहे, भावोजी?"

"वर्ना, पुरे."

"किती दिवसांपासून?"

"डावा डोळा दोन वर्षं. उजवा या उन्हाळ्यापासून. ऑगस्टमध्ये भिंगाखाली अजून दिसत होतं, म्हणून पहिल्यांदा पकडला. नंतर दुधासारखं झालं सगळं." त्याने तुकडा बाकावर ठेवला, फार हलक्या हाताने. "हात आहेत ना. हातांना सगळं माहीत आहे. दुसऱ्यांदा बोल्टची वाट घासताना कानस थोडी करकरली होती. मनात शंका आली. पण अंगठ्याला सात लागले आणि मी मनाला गप्प बसवलं. आंधळा म्हणून दुकान बंद करायचं नव्हतं मला." मग त्याने विचारलं, "तोच होता का? पहिलाच?"

"तोच."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. वर्नाला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने बाकावरचे आकडे ठोकायचे ठसे भिंगातून पाहिले आणि तुकडा उचलून ती बाहेर पडली.

शेरीफच्या कचेरीत कॉय एकटाच होता. बायकोने पाठवलेला डबा उघडत होता. तिने त्याचा डबा बाजूला केला आणि दिव्याखाली भिंग लावलं.

"बघ. कारखान्यात क्रमांक रिसीव्हरच्या पुढच्या कड्याच्या मधोमध ठोकतात. शेवटचे सहा आकडे मधोमध आहेत. पहिला एक त्यात धरला की सगळी ओळ डावीकडे कलते. दुसरं, ते सहा आकडे पोलाद मऊ असताना ठोकलेत, खोल आणि गुळगुळीत. पहिला एक पोलाद कडक झाल्यावर ठोकलाय. उथळ आहे, आणि त्याच्या पायाशी केसाएवढी चीर दिसतेय? रिसीव्हर फुटायला तिथूनच सुरुवात झाली."

कॉय वाकला. "म्हणजे ज्यानं आकडा घातला…"

"त्यानं नुसतं फसवलं नाही. जळक्या पोलादाला चीरही पाडली. आता तिसरं. यात एक तीनदा आलाय. नंतरचे दोन, कारखान्याचे, नुसत्या काड्या आहेत. पहिल्या एकाला खाली पाट आहे, आडवी रेघ. असा ठसा कुणाकडे असतो?"

"एमेटकाकांकडे?"

"त्यांचे ठसे बघून आले. काडीवाले आहेत."

कॉयने खण उघडून डॅलसच्या खिशातून निघालेल्या वस्तूंचं पाकीट काढलं, यादीवर सही घ्यायची राहिली होती म्हणून. चाकू, तंबाखू, आणि खाणीत उतरताना प्रत्येक कामगार खिळ्याला अडकवतो तो पितळेचा बिल्ला. वर्नाने पाकिटाकडे सहज नजर टाकली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. बिल्ल्यावर क्रमांक होता २११. दोन्ही एकांना खाली पाट होते.

तिने भिंग बिल्ल्यावर नेलं. प्रत्येक आकड्याची उजवी कड खोल होती, डावी उथळ. रिसीव्हरवरच्या पहिल्या एकाचीही तशीच.

"डावखुऱ्याचा ठोका आहे," ती म्हणाली. "कॉय, खाणीवर हे बिल्ले कोण ठोकतं?"

कॉयने डब्याचं झाकण लावलं. दोघांनाही माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी छत कोसळून उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून तो माणूस खाणीच्या दिवाखोलीत बसून दिवे वाटत होता, बिल्ले ठोकत होता. डाव्या हाताने. ठशांच्या पेटीची किल्ली त्याच्या कमरेला असायची.

"आधी तुम्हीच बोला त्याच्याशी, मावशी," कॉय म्हणाला आणि त्याने बिल्ला तिच्याकडे सरकवला.

५

हार्लन पेट्री मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. घरात त्याची बायको नेव्हा आणि पाहुणे होते, शेजारणींनी आणलेली जेवणाची झाकलेली भांडी खिडकीत रांगेनं मांडलेली दिसत होती.

"वर्नाताई. नेव्हा आत आहे."

"तुझ्याकडेच आलेय."

तिने पितळेचा बिल्ला आणि रिसीव्हरचा तुकडा ओंडक्यावर शेजारीशेजारी ठेवले. काही सांगावं लागलं नाही. त्याने कुऱ्हाड खाली टेकवली आणि तिच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. एक अख्खा, एक अर्धा.

"पोरगं रडलं होतं," तो म्हणाला. "बावीस वर्षांचा बाप्या. उन्हाळाभर कोळशाच्या वॅगनी भरून त्यानं ते घेतलं होतं. एमेट म्हणतो नदीत टाक. का? तर आकडा लहान आहे! पोलादाला गंज नाही, चीर नाही. अख्खं युद्ध मारून आलेलं. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा चळ आहे. आकडाच हवा ना याला? दिवसभर मी दुसरं करतो काय? आकडेच ठोकतो."

"डॅलसला माहीत होतं?"

"नाही." त्याचा जबडा हलला. "त्याला सांगितलं, मी गँडीशी भांडून बदलून आणला. संपापासून ज्याचं तोंड बघितलं नाही त्याच्या दारात तुझ्यासाठी गेलो, म्हटलं. त्यानं मला मिठी मारली, ताई. बारा वर्षांचा झाल्यापासून मारली नव्हती."

आतून कुणीतरी भांडी वाजवली. 

"टॉर्चचं का सांगितलंस?"

"काहीतरी सांगायला हवं होतं."

"एमेट तुरुंगात मरेल."

"त्याला कोण आहे?" हार्लन एकदम चवताळला. "सांग ना! बायको गेली, पोर नाही. त्याचं काय जाईल? एक दुकान. माझी नेव्हा आत बसलीय, तिला कळलं तर ती माझ्याबरोबर एका छताखाली राहील? तुला तरी तो कुठे आवडतो? नऊ वर्षं थुंकली नाहीस त्याच्या दारात. आताच कुठून पाझर फुटला?"

हे मात्र तिला लागलं. तिने दोन्ही वस्तू रुमालात गुंडाळल्या.

"मला तो आजही आवडत नाही," ती म्हणाली. "शनिवारी दुपारपर्यंत तू कॉयकडे जा. नाही गेलास तर आत्ता बोललास ते मी सांगेन. आणि नेव्हाला तूच सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

शनिवारची दुपार टळली. हार्लन गेला नाही. संध्याकाळी वर्नाने हार्लन काय बोलला आणि एमेटचे डोळे कसे गेलेत, सगळं कॉयला सांगितलं, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता.

६

सोमवारी खटला उभा राहिलाच नाही. कुणावरच नाही. सरकारी वकील म्हणाले की बापाला मिळायची ती शिक्षा मिळाली, खोट्या शपथेचं काय करायचं ते पुढे बघू. पुढे कुणी बघितलं नाही.

नेव्हा बहिणीकडे निघून गेली. तेव्हापासून हार्लनच्या पायरीवर झाकलेली भांडी दुपटीने यायला लागली. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. एमेटकडे कुणी माफी मागायला आलं नाही. काचही कुणी बसवून दिली नाही. बापाचं मन चुकलं, ते समजण्यासारखं आहे, लोक म्हणत. पण आंधळ्यानं बंदुका बांधायच्या? खरा दोष कुणाचा? आणि ती वर्ना, दुःखातल्या माणसाच्या अंगणात जाऊन भिंग लावणारी!

मंगळवारी ती एमेटकडे गेली. तो हत्यारं तेल लावून पेटीत ठेवत होता, एकेक करून, बोटांनी ओळखत.

"सुटलात," ती म्हणाली.

"ऐकलं." त्याने एक कानस फडक्यात गुंडाळली. "वही काढ. या उन्हाळ्यापासून बांधलेल्या अकरा रायफली आहेत. नावं सांगतो, लिहून घे. परत मागवून घ्यायच्या. बहुतेक चांगल्या असतील. पण मला ते माहीत नाही, वर्ना. मला कसं माहीत असणार?"

त्याने नावं सांगितली, तिने लिहिली. मध्येच तो थांबला.

"ऑलिव्ह गेली त्या दिवशी मोसमाची घाई नव्हती," तो म्हणाला. "त्या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटत होती मला. हातात दस्ता होता, तो घासत बसलो."

वर्ना पेन धरून बसून राहिली. त्याला काय हवं होतं ते तिला कळत होतं. पण ते तिच्यापाशी नव्हतं.

"सातवं नाव सांगा," ती म्हणाली.

दोन दिवस ती दारोदार फिरली. पहिल्या घरी वॉम्सली म्हणाला, मोसम संपला की बघू. दुसऱ्या घरची बाई पडद्याआडून बघत राहिली, दार उघडलं नाही. तिसऱ्याने कुत्रं सोडलं. एका म्हाताऱ्याने मात्र निमूट रायफल आणून दिली. यादीतल्या क्रिसने ऐकूनच घेतलं नाही. "हार्लनचं घर मोडलंस, आता माझ्या बंदुकीवर डोळा?" असं म्हणत त्याने तिच्या देखत गोळ्या खिशात भरल्या आणि डोंगराची वाट धरली.

शुक्रवारी दुपारी ती यादीतल्या शेवटच्या घराच्या पायरीवर उभी होती. अकरापैकी दोन रायफली तिच्या गाडीत होत्या. दार वाजवायला हात उचलला, तोच वरच्या धारेवरून बार ऐकू आला. ती तशीच, हात वर धरून, ऐकत राहिली. बराच वेळ काही नाही. मग दूरवर कुणीतरी शिकार साधल्याच्या आनंदाने आरोळी ठोकली, आणि तिने दार वाजवलं.